आधी ‘व इतर’, मग काहीच नाही : नमुना ८ वरून गेलेल्या एका नावाचा माग

पंचायत समितीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणं हा माझा धंदा नाही, पण दुकानाची जागाच अशी की लोक आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा माझ्याकडे थांबतात. खाली मांडलेलं प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातलं, २०२२ सालचं आहे. नावं, गाव आणि मिळकत क्रमांक काढून टाकले आहेत. ज्यांचं हे प्रकरण, त्यांना मी मावशी म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

पार्श्वभूमी

डिसेंबर २०२१ मध्ये गावात चुन्याच्या रेघा पडल्या. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने होते. वरून काढलेल्या फोटोत प्रत्येक घराची हद्द दिसावी म्हणून आदल्या दिवशी चुना टाकतात. (योजना देशभर एप्रिल २०२० मध्ये जाहीर झाली, पण अशा मोजणीचा प्रयोग त्याआधीच आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता.) मावशींच्या घराभोवती चुन्याची एकच रेघ पडली, पुढच्या-मागच्या खोल्यांना मिळून. ग्रामपंचायतीचा शिपाई हातातल्या यादीवरून नाव वाचत होता. त्याने मावशींच्या पुतण्याचं, म्हणजे भावाच्या मुलाचं, नाव वाचलं आणि तो पुढच्या घराकडे वळला. मावशी मागच्या दारात उभ्या होत्या.

घर मावशींच्या वडिलांचं. नवरा वारल्यावर त्या २००९ मध्ये माहेरी आल्या, तेव्हापासून मागच्या दोन खोल्यांत राहतात. गावच्या शाळेत खिचडी शिजवतात. वडील २०११ मध्ये गेले. २०१२ मध्ये भाऊ स्वतः ग्रामपंचायतीत गेला आणि घराला स्वतःचं आणि बहिणीचं, दोघांचं नाव लावून आला. हे मावशी मला तीनदा तरी सांगत आल्या. भाऊ २०२० मध्ये गेला. पुतण्या पुण्याला कंपनीत असतो, सणाला येतो.

नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही. कोणतं घर, कुणाचं, केवढं, त्यावर कर किती, हे तिच्यात असतं. तो मालकीचा पुरावा नाही, हे न्यायालयांनी कितीदा तरी सांगितलंय. कर कुणाकडून घ्यायचा एवढ्यापुरतीच ती नोंद. पण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, आणि बहुतेक घरांना खरेदीखतही नसतं. मग बँक, वीज मंडळ, घरकुल योजना, सगळे तोच उतारा मागतात. ड्रोन मोजणीनंतर मिळकत पत्रिका तयार करताना भूमी अभिलेख खात्याची चौकशीही ग्रामपंचायतीच्या यादीपासूनच सुरू होते. म्हणजे यादीत नाव नसेल तर उद्या सनदेवरही (मोजणीनंतर घरमालकाला मिळणाऱ्या सरकारी दाखल्यावरही) येणार नाही, आणि सनद एकदा हातात पडली की ती फिरवायला किती वर्षं जातील ते सांगता येत नाही. मावशींना कायदा माहीत नव्हता. शिपायाने नाव वाचलं तेव्हा आपलं आलं नाही, एवढंच त्यांना कळलं होतं.

अडचण

जानेवारी २०२२ मध्ये गावातल्या एका शिकलेल्या पोराने मावशींना माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावलेला, अक्षर सुंदर. मजकूर असा : ‘माझे नाव घराच्या उताऱ्यावरून का कमी केले? कोणाच्या सांगण्यावरून केले? मला का विचारले नाही? यास जबाबदार कोण? त्याच्यावर काय कारवाई करणार?’

९ फेब्रुवारीला ग्रामसेवकाचं एका ओळीचं उत्तर आलं : मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

उत्तर तुसडं होतं, पण बेकायदा नव्हतं. माहिती अधिकारात कार्यालयाकडे कागदावर, फायलीत किंवा संगणकात जे आहे तेच मागता येतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सांगितलं आहे की एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं उत्तर ही ‘माहिती’ होत नाही. ‘का’ लिहिलेला अर्ज हातात पडला की जाणकार माहिती अधिकारी खूश होतो, कारण त्याचं काम तिथेच संपतं. ग्रामसेवकाने मदत करून अर्ज नीट करून घ्यायला हवा होता हे खरं, कायद्याचा सूरही तोच आहे. पण त्यावर विसंबून कुणी अर्ज लिहू नये.

मावशी १४ मार्चला माझ्याकडे आल्या. एसटीचा संप चालू होता, वडापने आल्या. पिशवीत बिस्किटाचा पत्र्याचा डबा, डब्यात २०१२ पासूनच्या घरपट्टीच्या पावत्या. मी विचारलं, ‘मावशी, पुतण्याला विचारलं का?’ त्या हसल्या. ‘इचारलं म्हंजी भांडण. मला भांडायचं न्हाई. माझं नाव कुठं गेलं तेवढं बघायचंय.’

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. पुढे ते आडवं आलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय अपिलाचा. ग्रामसेवकाच्या उत्तरावर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. ती मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती. सबळ कारण दिलं तर उशीर माफ होतो, कारणही होतं, एसटी बंद होती. पण अपील जिंकून मिळणार काय? मूळ अर्जच ‘का’चा. अपिलात नवे कागद मागता येत नाहीत. लढून परत त्याच पाच प्रश्नांपाशी येणार.

दुसरा पर्याय गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रारीचा. माझ्या दुकानातून महिन्याला अशा दहा-बारा तक्रारी टाईप होऊन जातात. तक्रार ग्रामसेवकाकडेच अहवालासाठी येते आणि अहवालात ‘नोंद नियमानुसार’ असं लिहून जाते. हातात कागद नसताना त्या अहवालाला खोटं कसं म्हणणार?

तिसरा वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा. शेवटी गरज पडली तर तोच खरा मार्ग, कारण हक्काचा निवाडा ना ग्रामपंचायत करू शकते ना माहिती आयोग. पण वकीलही पहिल्यांदा कागदच मागणार होता.

चौथा, नव्याने नेमका अर्ज करायचा. यात एक गोम होती. कागद नेमके मागायचे तर कोणते कागद आहेत हे आधी ठाऊक हवं. नाव कमी झालं ते कोणत्या साली? ठराव झाला का? अर्ज कुणी केला? मावशींना यातलं काही माहीत नव्हतं. ‘माझ्या घराचे सगळे कागद द्या’ असं लिहिलं तर ‘माहिती मोघम आहे’ असं उत्तर ठरलेलं. शिवाय २०१२ पासून आपल्या राज्याच्या नियमात आहे की एका अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारण १५० शब्दांत बसावा.

म्हणून आधी दप्तर पाहायचं ठरवलं. माहितीच्या अधिकारात नुसत्या नकला येत नाहीत, अभिलेख पाहणं आणि टिपणं काढणंही येतं. सामान्य प्रशासन विभागाचं नोव्हेंबर २०१८ चं परिपत्रक आहे : जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांतही, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला द्यावेत. त्यासाठी आधी अर्ज नको. हे परिपत्रक ठाऊक असलेला ग्रामसेवक मला आजवर एकच भेटलाय. त्यामुळे त्याची झेरॉक्स मी दुकानात गठ्ठ्याने काढून ठेवतो, आणि ती सोबत दिल्याशिवाय कुणाला सोमवारी पाठवत नाही.

(ग्रामसेवक हे पदनाम आता गेलं. २०२४ पासून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणतात. तेव्हाचं प्रकरण म्हणून तेव्हाचा शब्द ठेवलाय.)

सोमवार

पहिल्या सोमवारी, २१ मार्चला, ग्रामसेवक दुसऱ्या गावाला होते. दोन गावं एकाकडे, हे आता नेहमीचंच. २८ तारखेला भेटले, पण मार्चएंड. वसुलीचे आकडे पंचायत समितीला जायचे होते. ‘पाडव्यानंतर या.’ पाडव्यानंतरच्या सोमवारी, ४ एप्रिलला, मावशी आणि त्यांची लेक अशा दोघी गेल्या. लेकीला मी मुद्दाम पाठवलं. जुन्या नोंदवह्यांतलं अक्षर वाचणं हे एकट्याचं आणि चष्मा विसरणाऱ्या माणसाचं काम नाही.

ग्रामसेवकांनी परिपत्रक वाचलं, उलटसुलट केलं, आणि कपाट उघडलं. मोबाइलवर फोटो नाही काढायचा म्हणाले. मग लेकीने शंभरपानी वहीत उतरवून घेतलं. ती वही मी पाहिली. पहिल्या पानावर तारीख, वेळ ३.२०, आणि कोणकोण हजर ते लिहिलं होतं. हे मी सांगितलं नव्हतं, पोरीला स्वतःहून सुचलं.

काय दिसलं ते तिच्या वहीतून सांगतो. २०११-१२ ची नोंदवही आडवी, जाड, कडा उंदरांनी खाल्लेली. मावशींच्या घराच्या ओळीत वडिलांच्या नावावर आडवी रेघ, वर भाऊ आणि बहीण यांची नावं. शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईत ठराव क्रमांक आणि २०१२ ची तारीख. २०१५-१६ ची वही वेगळ्या अक्षरात, नावं मात्र तीच दोन. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते, म्हणून वह्याही चार वर्षांनी बदलतात. पुढची २०१९-२० ची. ती वहीच नव्हती, संगणकातून काढलेल्या कागदांचा स्पायरल बाइंडिंग केलेला गठ्ठा होता. त्यात मालकाच्या रकान्यात एकटा भाऊ. शेऱ्याचा रकाना कोरा. त्याच ओळीवर २०२१ मध्ये पेनाने भावाचं नाव खोडून पुतण्या, त्याची आई आणि त्याची बहीण यांची नावं, शेजारी ठराव क्रमांक.

म्हणजे मावशींचं नाव पुतण्याने वारसनोंद केली तेव्हा गेलंच नव्हतं. ते त्याच्या दोन वर्षं आधी, कुठलाही ठराव न दिसता गेलं होतं. माझा अंदाज तोवर सरळ होता : भाऊ गेला आणि पुतण्याने डाव साधला. दुकानात बसून असे अंदाज बांधायची सवय लागते.

नवा अर्ज

६ एप्रिलला अर्ज दिला. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा स्टँप, हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच. विषय एकच : मिळकत क्रमांक अमुकच्या नमुना ८ मधील नोंदी. मागणी चार ओळींची :

१. सदर मिळकतीच्या सन २०११-१२, २०१५-१६ व २०१९-२० च्या आकारणी नोंदींच्या पानांच्या साक्षांकित प्रती.
२. सदर नोंदींत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०२२ या काळात नावात बदल करण्यासाठी आलेले अर्ज, सोबतची कागदपत्रे आणि त्यावरील मासिक सभेचे ठराव.
३. सन २०१९-२० च्या आकारणीची प्रारूप यादी (संबंधित पान), ती प्रसिद्ध केल्याची नोटीस आणि आलेल्या हरकतींची नोंद.
४. वरील कागद उपलब्ध नसल्यास, ते ज्या दप्तर हस्तांतरण यादीत नमूद आहेत त्या यादीची प्रत.

चौथी ओळ मी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या अर्जात घालतो. ग्रामसेवक बदलला की जाणारा येणाऱ्याला दप्तराचा चार्ज देतो, त्याची यादी होते, दोघांच्या सह्या असतात. ‘आधीच्या साहेबांनी दिलंच नाही’ हे वाक्य किती खरं ते या यादीत कळतं.

उतारा मात्र आम्ही यात मागितला नाही. चालू नमुना ८ चा उतारा ही लोकसेवा हक्क कायद्याखालची सेवा आहे, ग्रामपंचायतीच्या आपले सरकार केंद्रावर काही दिवसांत मिळते. त्यासाठी माहिती अधिकाराचे ३० दिवस घालवणारे लोक पाहिले की जीव तुटतो.

फोन

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊला मावशींचा फोन आला. आवाज बसलेला. ‘दादा, त्याला कागद गेलाय.’

अर्जातली दुसरी मागणी पुतण्याने दिलेल्या कागदांबद्दल होती. दुसऱ्या माणसाने कार्यालयाला दिलेली त्याची माहिती कुणी मागितली तर कलम ११ प्रमाणे त्याला पाच दिवसांत नोटीस काढावी लागते, आणि त्याला दहा दिवसांत म्हणणं मांडता येतं. ग्रामसेवकांनी नेमकं तेच केलं होतं. नोटिशीत मावशींचं नाव अर्जदार म्हणून होतं. पुतण्याला पुण्यात रजिस्टर पोस्टाने सरकारी पाकीट मिळालं, आत आत्याचं नाव. त्याने फोन करून विचारलं, ‘आत्या, माझ्यावर केस केलीस का?’

हे होणार हे मला ठाऊक असायला हवं होतं. कलम ११ मला पाठ आहे. पण मी कागदाच्या नादात होतो, आणि मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की भांडायचं नाही. पुतण्याने ग्रामसेवकाला लिहून दिलं की माझे कागद देऊ नयेत.

१३ मे रोजी उत्तर आलं. नोंदवह्यांची पानं आणि ठराव मिळून १४ पानं, पानाला दोन रुपये, २८ रुपये भरून मिळाली. पुतण्याचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र : कलम ८(१)(ञ) प्रमाणे वैयक्तिक माहिती, देता येत नाही. प्रारूप यादी आणि नोटीस : अभिलेख उपलब्ध नाही. चार्ज यादीबद्दल अवाक्षर नाही.

अपील

इथे परत दोन वाटा होत्या. मिळालेल्या १४ पानांवर थांबून थेट ग्रामपंचायतीत नावदुरुस्तीचा अर्ज करायचा, किंवा आधी अपिलात जायचं. १४ पानांत एवढं सिद्ध होत होतं की २०१५-१६ ला नाव होतं, २०१९-२० ला नाही आणि मध्ये ठराव नाही. माझं मत थांबावं असं होतं. लेकीचं मत वेगळं होतं. ‘नाव गेलं कसं ते कळल्याशिवाय ते परत लावतील, आणि चार वर्षांनी परत जाईल.’ तिचं म्हणणं धरलं.

२४ मे रोजी पहिलं अपील पंचायत समितीत दाखल केलं, जोडपत्र ‘ब’, वीस रुपयांचा स्टँप. मुद्दे तीनच. एक, तिसऱ्या पक्षाचा (इथे पुतण्याचा) नकार म्हणजे निर्णय नव्हे, माहिती अधिकाऱ्याने स्वतः विचार करायचा असतो. आणि जे देता येत नाही तेवढं झाकून उरलेलं कलम १० प्रमाणे देता येतं. आधार क्रमांक, फोन नंबर झाका, मजकूर द्या. दोन, अर्जदाराचं स्वतःचं नाव त्या नोंदीत होतं, म्हणजे ती परकी व्यक्ती नाही. तीन, ‘उपलब्ध नाही’ हे कारण कायद्यात कुठेच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय की कागद एकेकाळी होता आणि आता सापडत नाही तर नीट शोध घ्यावा, जबाबदारी ठरवावी. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे, त्यात अभिलेख बेकायदा गहाळ किंवा नष्ट करण्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

(आज हेच अपील लिहायचं तर पहिला मुद्दा जास्त जपून लिहावा लागेल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(ञ) बदललं, तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, आणि आता तिथे नुसतं ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलंय. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते हे ८(२) मध्ये अजून आहे, पण ते हित दाखवायचं ओझं अर्जदाराच्या डोक्यावर आलं.)

सुनावणी २७ जूनला झाली, दहा-बारा मिनिटांची. अपिलीय अधिकाऱ्यांनी ग्रामसेवकाला एकच प्रश्न विचारला : ‘चार्ज यादीत आहे का नाही?’ ग्रामसेवक गप्प. ‘बघून सांगतो साहेब.’ मी बाहेर बाकावर बसून हे ऐकत होतो. मला वाटतं सगळी केस त्या प्रश्नावर फिरली. अभिलेख कायद्यातल्या पाच वर्षांचा उल्लेखही कुणी केला नाही.

४ जुलैचा आदेश : अर्ज व प्रतिज्ञापत्र वैयक्तिक तपशील झाकून १५ दिवसांत द्यावे, प्रारूप यादीचा शोध घेऊन द्यावी किंवा शोधाचा लेखी अहवाल द्यावा. आदेश पाळला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं, आणि दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड आयोगच लावू शकतो. पण आयोगाच्या तारखा कधी लागतात हे सगळ्यांना माहीत आहे. आयोगापर्यंत जायला लागू नये असंच अपील लिहायचं असतं.

काय हाती आलं

प्रारूप यादी सापडली. चार्ज यादीत २३ व्या ओळीला होती, ‘आकारणी कच्ची यादी, बस्ता १’. बस्ता ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत, मतदान पेट्यांच्या खोलीत, तांबड्या फडक्यात बांधलेला होता. २२ जुलैला प्रत मिळाली.

२०१९-२० ची कच्ची यादी हाताने लिहिलेली. तिच्यात मावशींच्या घरासमोर भावाचं नाव आणि पुढे चार अक्षरं : ‘व इतर’. कच्ची यादी करणाऱ्याने जागा नाही म्हणून दुसरं नाव लिहायचा कंटाळा केला. मग ती यादी संगणकात भरणाऱ्याने ‘व इतर’ सोडून दिलं. आधी मावशी ‘इतर’ झाल्या, मग त्याही राहिल्या नाहीत. यादीत नजर फिरवली तर त्या एका पानावर ‘व इतर’ असलेली आणखी सहा घरं होती. सहाही ठिकाणी पक्क्या यादीत एकच नाव. सहात राहिलेलं नाव पुरुषाचंच होतं. ही गोष्ट लेकीने दाखवली, मला दिसली नव्हती.

यादी प्रसिद्ध केल्याची नोटीस होती, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावल्याचा पंचनामा होता, ‘हरकती निरंक’ असा शेरा होता. मावशी त्या फळ्यासमोरून रोज शाळेत जातात. ‘फळ्यावर कोण वाचतंय वो,’ म्हणाल्या.

पुतण्याच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं : वडिलांच्या नावे असलेल्या मिळकतीस मी, माझी आई व माझी बहीण एवढेच वारस. सोबत २०१९-२० चा उतारा जोडलेला. उताऱ्यावर एकट्या वडिलांचं नाव. मजकूर खोटा म्हणता येत नाही, पुरा मात्र नव्हता. आत्या मागच्या खोल्यांत राहते हे त्याला उताऱ्याने सांगायची गरज नव्हती. मावशी मात्र म्हणाल्या, ‘पोरानं उताऱ्यावर होतं तेच लिवलं.’ त्यांनी ते मनापासून म्हटलं की लेकीला ऐकवण्यासाठी, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

निकाल

२६ जुलैला साक्षांकित प्रती जोडून ग्रामपंचायतीत नोंद दुरुस्तीचा अर्ज दिला. तक्रार नाही, आरोप नाही. २०१२ चा ठराव कायम असून तो कोणत्याही ठरावाने रद्द झालेला नाही, एवढंच. ऑक्टोबरच्या मासिक सभेत दुरुस्तीचा ठराव झाला. भूमी अभिलेखच्या चौकशीत त्याच कागदांच्या जोरावर आधीच हरकत नोंदवून ठेवली होती, कारण ठरावाची वाट पाहत बसलो असतो आणि तिकडे सनद निघाली असती तर सगळं पाण्यात गेलं असतं. सनद २०२३ मध्ये आली. तिच्यावर मावशींचं नाव आहे.

उरलेली सहा घरं : मावशींनी सहाही घरी जाऊन सांगितलं. त्यातल्या दोन बाया माझ्याकडे आल्या. चौघींच्या घरून कुणी आलं नाही.

सरकारी खर्च सगळा मिळून : तीन स्टँपचे ४० रुपये, प्रतींचे पहिल्यांदा २८. अपिलानंतरच्या प्रती फुकट मिळाल्या. वडापचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे याच्या कितीतरी पट गेले.

आज परत करायचं झालं तर

पहिला अर्ज दुकानात यायच्या आधीच गेला होता, त्याला इलाज नव्हता. पण त्यात वाया गेलेले दोन महिने सनदेच्या बाबतीत महागात पडू शकले असते. आता मी भूमी अभिलेखची हरकत पहिल्याच दिवशी नोंदवून घेतो, कागद मागाहून जोडू म्हणून. हरकत नोंदवायला सगळे पुरावे हातात असावे लागत नाहीत.

मावशींच्या डब्यातल्या पावत्या मी नीट पाहिल्या नव्हत्या. २०१६-१७ ची पावती दोघांच्या नावाने होती, २०२०-२१ ची एकट्या भावाच्या. नाव कोणत्या वर्षांच्या मध्ये गेलं हे त्या डब्यातच होतं. एक सोमवार तरी वाचला असता.

मागणी दोन अर्जांत फोडायला हवी होती. पहिल्यात नुसत्या नोंदवह्या, ठराव आणि कच्ची यादी. यात तिसरा पक्ष कुठेच येत नाही, कुणाला नोटीस जात नाही. कच्ची यादी हातात आल्यावर पुतण्याच्या प्रतिज्ञापत्राची गरजच उरली नव्हती, दुरुस्तीच्या अर्जाला आम्ही ते जोडलंही नाही. आणि ते मागायचंच होतं तर आधी मावशींनी पुतण्याला फोन करून सांगायला हवं होतं. मी त्यांना तसं म्हणायला हवं होतं. कुणाला नोटीस जाईल हे अर्ज लिहिणाऱ्याला माहीत असतं, सही करणाऱ्याला नसतं.

त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला बसले. पुढच्या खोलीत दरवर्षीसारखी आरास झाली, पुतण्या पुण्याहून आला. मावशींना मागच्या खोल्यांत आरतीचा आवाज येत होता. बोलावणं आलं नाही. तिसऱ्या दिवशी पुतण्याची आई प्रसादाची वाटी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवून गेली. सनदेची झेरॉक्स काढायला मावशी आल्या तेव्हा त्यांनी दोन प्रती मागितल्या. एक बिस्किटाच्या डब्यात ठेवायला. दुसरी कुणाला म्हणून मी विचारलं नाही, त्याच म्हणाल्या, ‘त्याला पाठीव पुण्याला. पोस्टानं नको. व्हाट्सॅपवर पाठीव, सरकारी पाकीट बघून घाबरतंय पोरगं.’